‘फिट’ लिहू नका, सिस्टर!

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका १९ वर्षांच्या मुलीला रात्री आकडी आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घालू लागला. तो चमचा आम्ही काढून घेतला, तिला कुशीवर वळवले आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला.

वॉर्डात तिला पुन्हा फिट आली. सिस्टरने तिला कुशीवर केले आणि आधी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. आम्हाला रागच आला! थोड्या वेळाने तिने कागदावर लिहिले ते असे : सुरुवात २ वाजून १० मिनिटांनी. आधी डावा हात, मग सारे अंग. अडीच मिनिटे. ओठ निळसर, जीभ चावली, लघवी झाली. २० मिनिटांनी स्वतःचे नाव सांगितले, पण डावा हात उचलत नाही. इंजेक्शन कोणते, किती वाजता, डॉक्टरांना कधी कळवले, तेही लिहिले. खाली सही.

मुलीच्या आईने हात जोडले. “सिस्टर, फिट लिहू नका, चक्कर लिहा. पोरीचं लग्न व्हायचंय.”

“मावशी, चक्कर लिहिली तर औषधही चकरेचंच मिळेल.”

सकाळी मोठे डॉक्टर आले तेव्हा मुलगी चहा पीत बसली होती. तिच्याकडे पाहून काय कळणार? ‘आधी डावा हात’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवले. शरीराची डावी बाजू मेंदूचा उजवा भाग चालवतो. त्यांनी लगेच मेंदूचा स्कॅन लिहून दिला.

आम्ही त्या माउलीला कायदा सांगितला. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. वारंवार फिट येणे ही त्यात लग्नाआड येणारी बाब होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. ती म्हणाली, “कायदा खरा, दादा. पण सासू कायदा वाचते का?” आम्ही गप्प बसलो.

घरी फिट आली तर वाचकांनी एवढे करावे : घड्याळ पाहावे, आधी काय हलले ते पाहावे, गोळी चुकली होती का ते आठवावे, आणि सारे लिहावे. फिट ५ मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर तडक दवाखाना. केसपेपरची प्रत मागितल्यास ७२ तासांत द्यावी, असा २००२ चा वैद्यक परिषदेचा नियम आहे. अर्ज लेखीच करावा.

परवा त्या घरी गेलो. खिळ्याला वही टांगलेली होती. आईला लिहिता येत नाही, धाकटा भाऊ तारीख-वेळ लिहितो. वहीवर मोठ्या अक्षरांत नाव घातले आहे : ‘दुधाचा हिशोब’.