विश्लेषण : दिल्ली-लंडन अंतर तेवढेच, मग प्रवास का लांबला?

दिल्ली ते लंडन हवाई अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला तर प्रवास साडेसात तासांचा. प्रत्यक्षात जाताना नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी तर एप्रिल २०२५ पासून तो आणखी वाढला. असे का?

सर्वांत जवळचा मार्ग कोणता?

पृथ्वी गोल असल्याने सपाट नकाशावरची सरळ रेघ हा सर्वांत जवळचा मार्ग नसतो. खरा जवळचा मार्ग उत्तरेकडे झुकतो. दिल्लीहून तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया असा पूर्व युरोपकडे जातो.

मग अडचण कुठे?

युक्रेन युद्धानंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने ब्रिटिश कंपन्यांना आपले आकाश बंद केले. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातली. भारताने ३० एप्रिलला तसेच उत्तर दिले. परिणामी ब्रिटिश विमानाला पाकिस्तानवरून जाता येते, रशियावरून नाही. एअर इंडियाचे नेमके उलट! दिल्लीहून निघालेल्या भारतीय विमानाला आधी अरबी समुद्राकडे खाली उतरून मग पश्चिमेची वाट धरावी लागते. मुंबईचे विमान तसेही समुद्रावरच निघत असल्याने त्याला हा वळसा कमी पडतो.

वाऱ्याचा काय संबंध?

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास साधारण तासाभराने कमी होतो.

वळशाची किंमत किती?

जादा इंधन तर लागतेच, शिवाय ते वाहून नेण्यासाठी कधी प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादाही आड येते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश सुमारे साडेचार महिने बंद होते. तेव्हा एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. २०२५ मध्ये इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणेच थांबवावी लागली. वळसा घेऊन तिथे पोहोचणे त्यांच्या लहान विमानांच्या आवाक्याबाहेर गेले.

तिकीट काढताना काय पाहावे?

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते. दुपारी २ वाजता निघून संध्याकाळी साडेसहाला पोहोचणारे विमान साडेचार नव्हे, दहा तास उडते. त्यामुळे भाड्यासोबत एकूण प्रवासवेळ आणि वाटेतला थांबा तपासा. पुढचे विमान पकडायचे असेल, तर मध्ये पुरेसा वेळ ठेवा.