आकडा यंत्राचा, अर्थ आपला



आमच्या प्रयोगशाळेत एका मुलाने अनुनाद नळीवरून हवेतील ध्वनीचा वेग काढला. उत्तर आले सेकंदाला 3,400 मीटर! खरे उत्तर 340 च्या आसपास असते. विचारले तर म्हणाला, "सर, कॅल्क्युलेटरने तेच दाखवलं." कॅल्क्युलेटर चुकला नव्हता, त्याला दिलेला एक आकडा चुकला होता. प्रयोगशाळेत फार तर दोन गुण जातात. पण अशीच चूक विमानात झाली तर?

आधी विमान उतरते कसे ते पाहू. तुळजापूरचा घाट सायकलवरून सोलापूरच्या बाजूला उतरत आहात अशी कल्पना करा. पायडल न मारताही सायकल धावते, कारण उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलत असते. उतार सौम्य झाला की मात्र पायडल मारावे लागते, नाहीतर वेग मरतो. विमानही इंजिने मंद ठेवून हवेतला घाट उतरते. धावपट्टीजवळ चाके आणि पंखांच्या झडपा बाहेर काढल्या की हवेचा विरोध वाढतो. मग इंजिनांना पुन्हा जोर लावावा लागतो. आज यातले बरेच काम स्वयंचालित यंत्रणा करते. वैमानिक खुंट्या फिरवून आकडे देतो, यंत्रणा ते पाळते.

14 फेब्रुवारी 1990 रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-320 जातीचे विमान मुंबईहून बंगळूरला निघाले. हवा स्वच्छ होती. उतरताना इंजिने मंदच राहिली. वेग सुमारे 132 नॉट हवा होता, तो 106 नॉटपर्यंत घसरला. (एक नॉट म्हणजे तासाला 1.85 किलोमीटर.) पंखांना मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गणित करून पाहा. एवढ्या घटीने उचल एकतृतीयांशाहून अधिक कमी होते. ती भरून काढण्यासाठी नाक वर उचलावे, तर हवेचा विरोध वाढून वेग आणखी घटतो! धोका लक्षात आला तेव्हा फार उशीर झाला होता. मंद इंजिनाला पूर्ण जोर धरण्यास काही सेकंद लागतात, तेवढेही हाती उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. 146 जणांपैकी 92 जण मृत्युमुखी पडले.

इंजिने मंद का राहिली? मिनिटाला 700 फूट हा उतरण्याचा दर द्यावयाचा होता, पण शेजारची उंचीची खुंटी फिरून 700 फूट ही उंची दिली गेली असावी, अशी शक्यता चौकशीत पुढे आली. यंत्रणेने आज्ञा पाळली. इंजिने मंद केली आणि ती खाली निघाली. आता गंमत नव्हे, गांभीर्य पाहा. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. बंगळूरचा तो विमानतळच सुमारे 2,900 फुटांवर आहे. आपले धाराशिवसुद्धा 2,100 फुटांवर आहे. म्हणजे 700 फूट ही उंची जमिनीच्या पोटातली झाली! यंत्राला हे विचित्र वाटत नाही. ते माणसालाच वाटावे लागते.

यासाठी वैमानिकांचे तोंडी हिशेब असतात. नॉटमधील वेगाला पाचाने गुणले की दर मिनिटाला किती फूट उतरावे ते कळते. 140 नॉट असेल तर 700 फूट. उंचीच्या हजारांना तिनाने गुणले की किती सागरी मैल आधी उतरू लागावे ते कळते. 35,000 फुटांवरून 105 सागरी मैल, म्हणजे सुमारे 195 किलोमीटर.

कोणी म्हणेल, मग यंत्रणाच काढून टाका. मला ते पटत नाही. ती थकत नाही, आणि तिच्यामुळे विमानप्रवास अधिक सुरक्षित झाला आहे. पण "सगळे यंत्र पाहील" हेही मला मान्य नाही. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एशियाना कंपनीच्या विमानाचा वेग असाच 137 वरून 103 नॉटपर्यंत उतरला. यंत्रणा वेग सांभाळते आहे असा वैमानिकांचा समज होता, प्रत्यक्षात ती सांभाळत नव्हती. तीन प्रवासी दगावले. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना सुचविले होते की, योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान चालवू द्यावे. हात आणि डोके वापरात नसले की गंजतात. म्हणून असा सराव वैमानिकांच्या मर्जीवर न सोडता त्यांच्या नेमून दिलेल्या कामाचाच भाग असावा, असे माझे मत आहे.

आणि तुम्ही? कॅल्क्युलेटरचे बटण दाबण्यापूर्वी वहीच्या कोपऱ्यात उत्तराचा अंदाज लिहा. मग दोन्ही ताडून पाहा. जुळले नाही तर थांबा आणि का जुळले नाही ते शोधा. ही सवय आज वहीत लागली, तरच उद्या हाती विमान, रुग्णालयातले यंत्र किंवा वीजकेंद्र आले तर ती उपयोगी पडेल.