जिंकणारानें आधीं हात पुढें करावा

या सदराच्या एका वाचक भगिनींचें पत्र माझ्यापुढें आहे. त्यांच्या गांवचें भजनी मंडळ बावीस वर्षें एकाच घरांत भरत होतें. गेल्या निवडणुकीपासून तें दोन घरांत भरूं लागलें आहे. पेटी एका घरीं राहिली आणि टाळ दुसऱ्या घरीं गेले. त्यामुळें एकीकडे सूर आहे तर ताल नाहीं, आणि दुसरीकडे ताल आहे तर सूर नाहीं. "राजकारण विसरून पुन्हा एकत्र या, असें मी सर्वांना विनवून सांगितलें, पण कोणी ऐकत नाहीं. आतां काय करावें?" असें त्या विचारतात.

उपदेश करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु असाच प्रसंग आमच्या ओसरीवर ओढवला होता, तो जसा घडला तसा सांगतें. त्यांतून कांहीं घेण्यासारखें सांपडलें तर भगिनींनीं तें घ्यावें.

आमच्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारीं दुपारीं चार वाजतां बुद्धिबळाचे पट मांडले जातात. मामंजींनीं हा परिपाठ पुष्कळ वर्षांपूर्वीं सुरू केला. आज त्यांचें वय चौऱ्याऐंशी आहे. पंधरा-सोळा माणसें जमतात. एक निवृत्त शाळामास्तर, एक वकील, एक औषधांचे दुकानदार, बँकेंत अधिकारी असलेल्या एक बाई, आणि पेठेंतलीं चार-सहा मुलें. चहाचें काम माझ्याकडे. तें उरकलें कीं एखाद्या पटावर मीहि बसतें. मास्तर आणि वकीलसाहेब अठरा वर्षें एकाच पटाशीं समोरासमोर बसत आले. मुलांना शिकविण्याचें कामहि त्यांनीं वांटून घेतलें होतें. डावाची सुरुवात वकीलसाहेबांनीं शिकवावी आणि शेवट मास्तरांनीं.

पुढें २०२४ सालची विधानसभेची निवडणूक आली. २०२२ मध्यें शिवसेना आणि २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली होती. त्यामुळें वर्षानुवर्षें एकाच चिन्हाला मत देणाऱ्या घरांतहि या वेळीं भावाभावांत वाद होता. आमच्याकडे भावजी एका बाजूचे आणि माझा मुलगा दुसऱ्या, म्हणून आमटी वाढतां वाढतां मला विषय बदलावा लागे. ओसरीवरहि तेंच झालें. प्रथम डाव संपल्यावर वाद होई. मग डाव चालूं असतांनाच होऊं लागला. शेवटीं वादांतून वेळ उरला तर डाव, अशी पाळी आली.

२० नोव्हेंबरला मतदान झालें आणि २३ तारखेला, शनिवारीं, निकाल लागला. वकीलसाहेबांचा उमेदवार निवडून आला, मास्तरांचा पडला. पक्षांचीं नांवें मी मुद्दामच लिहीत नाहीं. तीं उलटीं असतीं तरी गोष्ट हीच झाली असती. त्या संध्याकाळीं वकीलसाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन मास्तरांच्या दारीं गेले आणि म्हणाले, "घ्या मास्तर, तोंड गोड करा. पुढचीं पांच वर्षें तुम्हांला कडूच जाणार आहेत!" मास्तर म्हणाले, "मत विकणारांचे पेढे या घरांत कोणी खात नाहीं." आणि त्यांनीं दार लावून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं रविवार. ओसरीवर आठ पट मांडले आणि माणसें पांच आलीं. संध्याकाळपर्यंत कानावर आलें कीं, मास्तरांच्या बाजूची मंडळी यापुढें दुसऱ्या घरीं बसणार, आणि आठांपैकीं चार पट व दोनांपैकीं एक घड्याळ मागणार. आमच्या शिकणाऱ्या मुलांत एक बारा वर्षांची मुलगी आहे. तिनें मला विचारलें, "काकू, मग मी सुरुवात शिकायला इकडे येऊं आणि शेवट शिकायला तिकडे जाऊं का?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

योगायोगानें सोमवारीं, २५ नोव्हेंबरला, सिंगापूर येथें बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. एका बाजूस चीनचा जगज्जेता डिंग लिरेन, दुसऱ्या बाजूस आपला अठरा वर्षांचा डी. गुकेश, सामना चौदा डावांचा. मामंजींनीं ओसरीच्या मध्यभागीं एकच पट मांडला, सिंगापूरच्या खेळी सांगण्यासाठीं नातीला मोबाईल घेऊन शेजारीं बसविलें, आणि मास्तरांना व वकीलसाहेबांना वेगवेगळा निरोप धाडला: "अडीच वाजतां डाव सुरू होतो. पाहावयास या. कोणाशीं बोललेंच पाहिजे असें नाहीं."

दोघेहि आले. एक झोपाळ्याकडे बसले, एक दाराकडे. त्या दिवशीं गुकेश पांढरे मोहरे घेऊन हरला. दुःख दोघांनाहि सारखेंच झालें, पण तें त्यांनीं दोन कोपऱ्यांत बसून केलें. दुसरा डाव बरोबरींत सुटला. बुधवारीं तिसरा डाव गुकेशनें जिंकला, तेव्हां वकीलसाहेबांनीं सवयीनें मास्तरांकडे टाळीसाठीं हात केला, आणि तसाच मागें घेतला.

मला वाटलें, आतां हें आपोआप मिटेल. मामंजींना तसें वाटलें नाहीं. रात्रीं ते म्हणाले, "सूनबाई, खेळाच्या निमित्तानें एकत्र बसणें निराळें आणि मन निवळणें निराळें. बोललेला शब्द आंत तसाच राहिला, तर पुढच्या निवडणुकीला तोच पुन्हा वर येईल."

२८ तारखेला सामन्याला सुटी होती. त्या दिवशीं मामंजी काठी टेकीत वकीलसाहेबांकडे गेले. सोबत मी होतें. वकीलसाहेब म्हणाले, "काका, मी तर केव्हांच विसरलों. मास्तरांनींहि विसरावें."

"तुम्ही विसरलांत, कारण तुम्ही जिंकलांत," मामंजी म्हणाले. "पटावर हरणारा आधीं हात पुढें करतो, आणि तें योग्यच आहे, कारण तो स्वतःच्या खेळींनीं हरलेला असतो. पण मतदार हरतो तेव्हां त्याची कोणती खेळी चुकलेली असते? त्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें एक मत दिलें, तुमच्याइतकेंच, एक. म्हणून निवडणुकींत जिंकणारानें आधीं हात पुढें करावा. आणि नुसतें 'विसरा' म्हणूं नये. आपलें काय चुकलें तें स्पष्ट सांगावें."

वकीलसाहेब बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. परंतु त्याच संध्याकाळीं ते मास्तरांच्या दारीं गेले, आणि या वेळीं रिकाम्या हातांनीं गेले. तेथें जें झालें तें पुढच्या रविवारीं दोघांनींच सर्वांसमक्ष सांगितलें, म्हणून मी लिहूं शकतें. वकीलसाहेब म्हणाले होते, "पेढे मीं तोंड गोड करायला आणले नव्हते, मास्तर; तुम्हांला खिजवायला आणले होते. तें माझें चुकलें." मास्तर म्हणाले होते, "माझें मत बदललेलें नाहीं. पण तुम्ही मत विकलें असें जें मीं म्हटलें तें खोटें होतें, आणि म्हणतांनाच मला तें ठाऊक होतें. तो शब्द मी परत घेतों."

त्या रविवारीं ओसरीवर चार गोष्टी ठरल्या. पट मांडलेला असतां राजकारण बोलूं नये. ज्यांना बोलावयाचें असेल त्यांनीं चहाच्या वेळीं अंगणांत खुशाल बोलावें. मताला वाटेल तेवढा विरोध करावा, परंतु माणसाच्या हेतूवर जाऊं नये. आणि निकालाच्या दिवशीं जिंकलेल्या बाजूनें पेढे आपल्या घरींच खावे.

तेव्हां बँकेंतल्या बाईंनीं एक शंका काढली. त्या म्हणाल्या, "एखादा निर्णय माझ्या घरादारावरच येत असेल, तर तो ओसरीच्या बाहेर ठेवून मी हंसत डाव कसा खेळूं?" प्रश्न खरा होता. मतभेद म्हणजे कांहीं आवडीनिवडी नव्हेत. कित्येकांच्या पोटापाण्याशीं आणि मानाशीं त्यांचा संबंध असतो. मामंजी म्हणाले, "तो बाहेर ठेवूं नका. म्हणून तर अंगण मोकळें ठेवलें आहे. तुमच्यावर काय येतें तें आम्हांला तेथें सांगा. ज्यांना तें ठाऊक नाहीं असे लोक जर येथें बसत असतील, तर तुम्ही येणें बंद केल्यावर त्यांना तें कोण सांगणार?"

मला या प्रसंगीं टिळक-गोखल्यांची आठवण होते. १९०७ सालीं सुरतेस काँग्रेस फुटली तेव्हां हे दोघे पुण्याचे पुढारी समोरासमोरच्या पक्षांत होते, आणि त्यांचा विरोध अखेरपर्यंत मिटला नाहीं. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं गोखले वारले. त्या वेळीं टिळक सिंहगडावर होते. वार्ता कळतांच ते खालीं आले, आणि ज्यांच्याशीं वर्षानुवर्षें भांडले त्यांचा गौरव त्यांनीं स्मशानभूमींत भरल्या अंतःकरणानें केला. हा प्रसंग आपण मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतों, आणि सांगावाहि. पण मला दर वेळीं वाटतें कीं, तो गौरव ऐकावयास गोखले तेथें नव्हते. थोरांना राष्ट्राच्या कामांतून सवड मिळाली नसेल. आपणां सामान्यांना, एका पेठेंत राहून एका पटावर खेळणारांना, तितकें थांबण्याचें कांहीं कारण नाहीं.

सिंगापूरचा सामना तेराव्या डावाअखेर बरोबरींत होता. १२ डिसेंबरला शेवटचा डाव झाला. त्या दिवशीं आमच्या ओसरीवर बसावयास जागा नव्हती. पंचावन्नाव्या खेळीला डिंगनें हत्ती चुकीच्या घरीं नेला, आणि मास्तर व वकीलसाहेब एकदमच उठून उभे राहिले. थोड्याच वेळांत डिंगनें डाव सोडला. गुकेशला रडूं आवरेना. तरी उठण्यापूर्वीं त्यानें पटावरचे मोहरे, काळे आणि पांढरे, एकेक करून पुन्हा आपापल्या घरीं मांडले. पुढें बोलतांना त्यानें डिंगचा गौरव खऱ्या जगज्जेत्याला शोभेल असा केला. आमची ती बारा वर्षांची मुलगी हें सारें मोबाईलवर पाहत होती. तिनें विचारलें, "तो जिंकला ना? मग मोहरे तोच कां लावतोय?" मास्तर म्हणाले, "जिंकला म्हणूनच, बाळ." वकीलसाहेब कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं मान हालविली.

यानंतर सर्व गोड झालें असें कोणीं समजूं नये. मास्तरांचें आणि वकीलसाहेबांचें एकाहि राजकीय प्रश्नावर अद्याप एकमत नाहीं, आणि अंगणांतला चहा कित्येकदां वादांत निवून जातो. औषधांचे दुकानदार अजून परत आले नाहींत. त्यांच्या मनाला कोणाचें काय लागलें तें आम्हांला कळलेलें नाहीं, आणि आम्हीं विचारावयास उशीर केला ही आमची चूक आहे. मामंजी दर रविवारीं त्यांचा पट मांडून ठेवतात. मुलीला मात्र सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच ओसरीवर शिकावयास मिळतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझें एवढेंच सांगणें आहे. "विसरा" हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा. ज्याला लागलें आहे त्याला तो शब्द दुसऱ्यांदां लागतो. कोण कोणाला काय बोललें तें आधीं शांतपणें विचारून घ्यावें. आणि पेटी ज्या घरीं आहे तें घर निवडणूक जिंकणाऱ्या बाजूचें असेल, तर त्यांनीं टाळ परत मागूं नयेत. एका एकादशीला पेटी उचलून टाळांच्या घरीं न्यावी, जें बोललें गेलें त्याबद्दल दोन शब्द बोलावे, आणि मग भजनाला बसावें.