भट्टीवाचूनचे गोड

भट्टी लावली नाही की पदार्थ आपोआप पथ्यकर होतो, ही समजूत अलीकडे इतकी रूढ झाली आहे की बिस्किटांचा चुरा, कोको आणि डब्यातले कंडेन्स्ड मिल्क एकत्र मळून, त्याची गुंडाळी शीतकपाटात घट्ट करून मुलांपुढे ठेवणारी सुशिक्षित गृहिणीही त्यास निःशंकपणे घरचा सात्त्विक खाऊ म्हणते. या मताचा मी साफ इन्कार करतो. बिस्किट कारखान्याच्या भट्टीतूनच आलेले असते. मैदा, साखर आणि बहुधा पामतेल ही त्याची सामग्री, आणि त्या डब्यातल्या दुधात तर वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात घातलेली साखर.

दुसरा पक्ष अधिक आदरणीय आहे. गूळ निसर्गदत्त, म्हणून त्यास मर्यादा नको, असे तो म्हणतो. परंतु गूळ हा बहुतांशी उसाची साखरच होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेस दैनंदिन उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे २००० उष्मांकांच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत, अशी मर्यादा सुचवली, तीत गुळाला किंवा मधाला कोणतीही माफी नाही. खजुरातही निम्म्याहून अधिक वजन साखरेचेच असते. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की ती तंतूंसह पोटात जाते.

मग हे गोड त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. प्रमाण करणाराच्या हाती राहते, हा त्याचा खरा गुण, आणि भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात, जेथे कित्येक बिऱ्हाडांत शेगडी आणि तवा यांपलीकडे साधन नसते, त्याची योग्यता विशेष आहे. संक्रांतीचे तीळ आणि रमजानचा खजूर येथे एकाच बाजारपेठेत मिळतात. पद्मानगरातील तेलुगू विणकरांच्या घरीही तिळाचे लाडू परके नाहीत. १५० ग्रॅम तीळ व तितकेच शेंगदाणे तव्यावर मंद आचेवर भाजून कुटावेत, २०० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर त्यात रगडावा आणि २५ लाडू वळावेत. पाण्याचा थेंब नको, तुपाची गरज नाही. खजुराचा चिकटपणा आणि दाण्यांचे तेलच मिश्रण बांधतात. वीस ग्रॅमच्या अशा लाडवात साखर पाच ग्रॅमच्या आसपास भरते, तर समभाग गुळाच्या तेवढ्याच तिळगुळात ती याच्या दुपटीकडे जाते. तिळातले कॅल्शियम आणि दाण्यातली प्रथिने ही निव्वळ प्राप्ती.

एका बाबतीत मात्र कसूर चालणार नाही. इथल्या पावसाळी दमट हवेत शेंगदाण्यावर बुरशी धरते आणि तिच्यापासून उपजणारे अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष तव्यावर भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. काळवंडलेला, सुरकुतलेला वा कडू दाणा निवडून टाकावा. ही दक्षता गोडीच्या हिशेबापेक्षाही मला महत्त्वाची वाटते.

खजूर महाग पडतो, ही तक्रार रास्त आहे. ज्याला तो परवडत नाही त्याने तीळ व दाणे दोन्ही मिळून ४०० ग्रॅम घ्यावेत, दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटावे आणि १०० ग्रॅमच मऊ गूळ किसून घालावा. लाडू थोडे भुसभुशीत होतात, पण वळतात.