गोंगाट कीं गाणें ?

गेल्या महिन्यांत आमच्या एका वयोवृद्ध वर्गणीदारांचें पत्र आलें. चौदा माणसांचें त्यांचें एकत्र कुटुंब आहे. नातू कॉलेजांत शिकतो, माडीवरच्या खोलींत राहतो, आणि संध्याकाळीं दार लावून घेऊन ‘हेवी मेटल’ व ‘ऑल्टरनेटिव्ह’ या नांवांनीं ओळखलें जाणारें पाश्चात्य संगीत ऐकतो. खालीं देवघरांत शुभंकरोति चाललेली असते व वर छत हादरत असतें. आजोबांनीं एकदां रागावून हा गोंगाट बंद करण्यास फर्माविलें, तेव्हां नातवानें शांतपणें विचारलें कीं, आजोबा, यांतलें एक तरी गाणें तुम्हीं पुरतें ऐकलें आहे काय ? या प्रश्नास आपणांपाशीं उत्तर नव्हतें, असें त्या सद्गृहस्थांनीं प्रांजळपणें लिहिलें आहे. आणि ऐकावयाचेंच झाल्यास आरंभ कोठून करावा, अशी पृच्छा केली आहे.

ही पृच्छा आम्हांस मोलाची वाटते. ज्यानें ख्याल कधीं ऐकला नाहीं, त्यास विलंबित आलापी म्हणजे निव्वळ रडगाणें वाटतें. अशा माणसास आपण म्हणतों, “बाबा रे, जरा बसून ऐक; कान तयार होऊं दे.” जो न्याय आपण आपल्या संगीतासाठीं मागतों, तोच दुसऱ्याच्या संगीतास देण्यास आपण कां कचरावें ? नवख्या श्रोत्यास सोपी पडेल अशी एक वाट आम्ही येथें सुचवीत आहों. ही सर्व गाणीं आम्हीं स्वतः ऐकलीं आहेत, आणि त्यांतील कांहीं आम्हांस आतां मनापासून आवडतात.

आरंभ मुळापासूनच करावा. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथें १९६८ सालीं चार कामकरी तरुणांनीं जी मंडळी जमविली, तिनें पुढें ‘ब्लॅक सॅबथ’ हें नांव घेतलें. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असतांना पत्र्याच्या कारखान्यांत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें यंत्रांत सांपडून तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. तो हताश झाला असतां कारखान्यांतील वरिष्ठानें त्यास जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. भाजल्यामुळें निकामी झालेल्या हाताच्या दोनच बोटांनीं हा कलावंत वाजवीत असे. आयोमीनें प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें चढविलें, पातळ तारा लावल्या, आणि पुढें त्या सैलही सोडल्या. तार सैल सुटली म्हणजे स्वर खालीं उतरतो व भारदस्त होतो. हेवी मेटलचा तो जडशीळ नाद पुष्कळ अंशीं या दुखावलेल्या बोटांनीं घडविला आहे.

त्यांची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. तींतील मंडळीच्याच नांवाचें पहिलें गाणें संगीतज्ञ वाचकांनीं अवश्य ऐकावें. त्याचा सारा डोलारा तीन स्वरांवर उभा आहे : षड्ज, वरचा षड्ज, आणि तेथून खालीं येऊन तीव्र मध्यम. यमनांत हाच तीव्र मध्यम पंचमाच्या आधारानें किती प्रसन्न वाटतो ! येथें त्यास पंचमाचा आसरा मिळत नाहीं. तो अधांतरीं थरथरत राहतो. पंचम वर्ज्य असलेल्या मारव्यानें सायंकाळीं जी हुरहूर लागते, ती ज्यांनीं अनुभविली आहे, त्यांस या गाण्यांतील भय समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. या मंडळीचा अखेरचा जलसा ५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅम येथेंच झाला. कंपवातानें जर्जर झालेला गायक ऑझी ऑस्बोर्न त्या दिवशीं आसनावर बसून गायिला, आणि २२ जुलै रोजीं वारला.

दुसरें नांव ‘आयर्न मेडन’. स्टीव्ह हॅरिस यानें १९७५ सालीं लंडन येथें ही मंडळी स्थापिली. घरांतील ज्या वडीलधाऱ्यांनीं कॉलेजांत इंग्रजी काव्य वाचलें असेल, त्यांच्यासाठीं आमची शिफारस ठरलेली आहे. कोलरिजच्या १७९८ सालच्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर या मंडळीनें १९८४ सालीं तेरा मिनिटांहून मोठें गाणें रचलें. निरपराध पक्ष्याची हत्या, शापित गलबत, तहानेनें मेलेले सोबती व अखेरचा पश्चात्ताप हें सर्व आख्यान त्यांत क्रमानें येतें. मध्यंतरीं वाद्यें जवळजवळ थांबतात आणि लांकडी गलबत करकरल्याचा भास होतो. कीर्तनाचा उत्तररंग ज्यास रुचतो, त्यास हें आख्यान परकें वाटूं नये. १ फेब्रुवारी २००८ रोजीं या मंडळीनें आपल्या जगप्रवासाचा आरंभ मुंबईंतील जलशानें केला. त्या प्रवासाचें विमान चालविणाऱ्यांत त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः होता.

तिसऱ्या गाण्याविषयीं लिहितांना आम्हांस थोडें स्वतःविषयीं लिहिणें प्राप्त आहे. आमचा पुतण्या शिक्षणासाठीं तीन वर्षें आमच्या घरीं होता. एका पावसाळ्यांत तो महिनाभर रोज रात्रीं एकच गाणें लावीत असे. तें आरंभीं मंद असे, आणि शेवटीं बंदुकांच्या फैरी झडाव्या तसे त्यांतील ड्रम वाजत. आम्ही पलीकडच्या खोलींतून भिंतीवर थाप मारीत असूं. अखेरीस परीक्षा जवळ आल्याचें निमित्त करून आम्हीं त्याचें ध्वनियंत्र काढून घेतलें. त्यानें वाद घातला नाहीं. त्या दिवसापासून तो आमच्याशीं कामापुरतेंच बोलूं लागला. पुष्कळ वर्षांनीं वहिनींकडून कळलें कीं, त्या पावसाळ्यांत त्याचा एक जिवलग मित्र अपघातांत गेला होता. घरांत हें त्यानें एकट्या आपल्या आईस पत्रानें कळविलें होतें.

तें गाणें ‘मेटॅलिका’ या अमेरिकन मंडळीचें ‘वन’ हें होय. तें १९८८ सालचें आहे. डाल्टन ट्रम्बो याच्या १९३९ सालच्या कादंबरीवर तें आधारलेलें आहे. पहिल्या महायुद्धांत एका सैनिकाचे हात, पाय, डोळे, कान व वाचा हीं सर्व जातात; शाबूत राहतें तें केवळ मन. कादंबरींतील हा सैनिक उशीवर डोकें आपटून तारायंत्राच्या सांकेतिक भाषेंत बोलूं पाहतो, आणि भोंवतालच्या माणसांस तो झटका वाटून ते त्यास गुंगीचें औषध देतात. हें समजल्यावर आम्हीं तें गाणें प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत ऐकलें. भिंतीवर मारलेल्या त्या थापांची आठवण त्यानंतर आम्हांस सुखाची राहिली नाहीं.

आतां ‘ऑल्टरनेटिव्ह’ म्हणजे रूढ बाजारी गाण्यांहून वेगळी वाट धरणाऱ्या मंडळींकडे वळूं. येथें नवख्यानें ‘आर. ई. एम.’ या मंडळीपासून आरंभ करावा. यांचें १९९१ सालचें ‘लूझिंग माय रिलिजन’ हें गाणें मँडोलिनच्या मधुर नादावर चालतें. नांवावरून हें धर्मत्यागाचें गाणें आहे असा समज करून घेऊन कोणीं दचकूं नये. अमेरिकेच्या दक्षिण भागांत हा एक वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ धीर सुटणें, मनाचा तोल जाणें असा होतो. या गाण्याचें चित्रण मूळचे पंजाबचे तरसेम सिंग यांनीं केलें.

‘नर्व्हाना’ या मंडळीचें नांव तर आपल्याच निर्वाण शब्दावरून आलेलें आहे. हिचीं गाणीं कर्कश असल्यानें नवख्यानें प्रथम १८ नोव्हेंबर १९९३ रोजीं न्यूयॉर्क येथें झालेला त्यांचा साध्या वाद्यांवरील जलसा ऐकावा. गोंगाटाचें आवरण काढलें असतां आंत किती सुरेल चाल होती, हें त्यावरून कळतें. त्यांचा गायक कर्ट कोबेन यानें एप्रिल १९९४ मध्यें, वयाच्या २७ व्या वर्षीं, आत्महत्या केली. ही गोष्ट पालकांपासून लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. दुःखी गाणें ऐकणारा मुलगा दुःखीच असतो असें नव्हे. किंबहुना अनेकांचें मन अशा गाण्यानें हलकें होतें. परंतु आपला मुलगा कोणतें गाणें पुनःपुन्हां ऐकतो व कां ऐकतो, हें घरांतील एकाही माणसास ठाऊक नसावें, हें मात्र बरें नव्हे.

‘पर्ल जॅम’ या मंडळीचा गायक एडी व्हेडर यानें १९९५ सालच्या ‘डेड मॅन वॉकिंग’ या चित्रपटासाठीं नुसरत फतेह अली खान यांच्यासमवेत गायन केलें आहे. कव्वालीच्या आलापाशेजारीं तो धीरगंभीर अमेरिकन आवाज उपरा वाटत नाहीं. घरांतील स्त्रियांनीं व मुलांनीं एकत्र बसून ऐकण्यास हें आम्ही प्रथम सुचवूं.

सर्वांत शेवटीं मुंबईची ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ ही मंडळी. नांव ऐकून कपाळास आंठ्या पडतील. पण २०१७ सालीं हिनें ‘दशावतार’ या नांवानें मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या अवतारांवर गाणीं रचून प्रसिद्ध केलीं. यांतील गायन पुष्कळसें घशांतून काढलेल्या गर्जनेसारखें आहे. हा आरडाओरडा नव्हे; तो अभ्यासानें साधावा लागतो, नाहींतर गळा बसतो. नरसिंहावरील गाणें ऐकतांना ती गर्जना आम्हांस अस्थानीं वाटली नाहीं. मात्र कान तयार झाल्यावांचून येथें येऊं नये, म्हणूनच हें नांव शेवटीं ठेविलें आहे.

ऐकण्याच्या रीतीसंबंधानें दोन शब्द. एका बैठकींत एकच गाणें ऐकावें. त्याचे शब्द आधीं वाचून घ्यावे, कारण पहिल्या वेळीं ते कानांस लागत नाहींत. आवाज बेताचा ठेवावा. मोठ्या आवाजानें आंतल्या कानास झालेली इजा पुन्हां भरून येत नाहीं, आणि हें तरुणांनींही ध्यानांत ठेवावें. देवघरांतील वेळ व माडीवरील वेळ आपसांत ठरवून घ्यावी. ऐकून झाल्यावर न आवडल्यास तसें मोकळेपणानें सांगावें. खोटी वाहवा मुलांस लगेच कळते.

पत्रलेखक आजोबांस आमची विनंती इतकीच आहे कीं, त्यांनीं एके दिवशीं माडीवर जावें, दार वाजवावें, आणि आमची ही यादी बाजूस ठेवून नातवास त्याच्या आवडीचें एक गाणें लावण्यास सांगावें. यादी आमची आहे. गाणें त्याचें असावें.

आम्हांस हें सुचण्यास फार उशीर लागला. ‘वन’ ऐकल्याचें आम्हीं पुतण्यास अलीकडेच लिहून कळविलें. चार दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. त्यांत दुसऱ्या एका गाण्याचें नांव तेवढें होतें. तें आम्ही येत्या रविवारीं ऐकणार आहों.