चार तारांवरची किरवाणी

घरातील स्तवनाला हार्मोनियमची साथ ही जुनी रीत आहे. अलीकडे काही घरांत नातवंडांबरोबर युकुलेलेही त्या बैठकीत येऊन बसते. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील काही कारागीर हवाई बेटांवर उतरले. त्यांनी सोबत नेलेल्या छोट्या तंतुवाद्यातून चार तारांचे हे वाद्य पुढे आकाराला आले. स्तवनाची चाल साधी असेल तर त्याची साथ गोड वाटते. परंतु चाल किरवाणीत असेल तर अडचण उभी राहते.

किरवाणी मूळची कर्नाटक संगीतातील. तेथील ७२ मेळकर्त्यांत तिचा क्रमांक २१ वा असून हिंदुस्थानी संगीतानेही ती आपलीशी केली आहे. गंधार व धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. पाश्चात्त्य संगीत याच सप्तकाला हार्मोनिक मायनर म्हणते. कोमल धैवत आणि शुद्ध निषाद यांच्यामधील तीन अर्धस्वरांची मोठी उडी हे तिचे वैशिष्ट्य. तिची करुण आणि काहीशी दूरदेशीची छटा त्या उडीतच आहे.

नवशिक्यांना सहसा साध्या मायनर सप्तकाच्या कॉर्ड शिकवल्या जातात. त्यात निषाद कोमल असतो. आजी शुद्ध निषाद गाते आणि त्याच क्षणी नात कोमल निषादाची कॉर्ड छेडते. स्वर टोचतो. अशा वेळी बहुधा आजीच चाल बदलून घेते, आणि दोन-चार बैठकींत परंपरेने आलेली चाल पुसली जाते. वास्तविक बदलायचे असते ते साथीने.

त्याचा उपाय सोपा आहे. कॉर्ड बाहेरून न आणता त्या सप्तकातूनच घडवाव्यात. रीत अशी : एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडावा आणि तिसरा घ्यावा. सा-ग-प ही मायनर कॉर्ड होते आणि म-ध-सा हीदेखील मायनर. प-नी-रे आणि ध-सा-ग या दोन मेजर होतात. रे-म-ध आणि नी-रे-म या संकुचित, तर ग-प-नी ही विस्तारित कॉर्ड होते. या सातही कॉर्डमध्ये सप्तकाबाहेरचा एकही स्वर शिरत नाही.

युकुलेलेच्या तारा सामान्यतः जी, सी, ई, ए अशा मिळवतात. शेवटची मोकळी ए तार, म्हणजे पांढरी सहा, षड्ज मानली की पुढील कॉर्ड सहज हाती येतात. येथील आकडे पडद्यांचे आहेत, क्रम जी तारेपासून धरावा आणि शून्य म्हणजे मोकळी तार. षड्जाची मायनर कॉर्ड २-०-०-०, मध्यमाची मायनर २-२-१-०, धैवताची मेजर २-०-१-०. पंचमाची मेजर ४-४-४-२ अशी आहे. ती कठीण वाटल्यास तिच्यात मध्यम मिळवून होणारी १-२-०-२ घ्यावी. गाणाऱ्याचा षड्ज काळी पाच असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा, बोटे तीच राहतात.

षड्जाच्या कॉर्डवरून या शेवटच्या कॉर्डवर जाताना जी तारेकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या पडद्यावरचा षड्ज एक पडदा मागे सरकून शुद्ध निषाद होतो आणि परतताना पुन्हा षड्जावर विसावतो. किरवाणीची सारी ओढ त्या एका पडद्याच्या अंतरात आहे. साध्या मायनरमधील कोमल निषादाला ती ओढ नसते.

या कॉर्ड वाजवताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोमल गंधार एकच, पण षड्जाच्या कॉर्डमध्ये तो तिसरा स्वर, धैवताच्या कॉर्डमध्ये पाचवा आणि स्वतःच्या कॉर्डमध्ये मूळ स्वर. त्याचे खरे रूप यांपैकी कोणते, असे विचारले तर अपेक्षाभेदाने तिन्ही, असेच उत्तर द्यावे लागते. अनेकांताचा विचार पाठशाळेत ऐकलेल्या मुलांना तो येथे कानांनी अनुभवता येतो.

तरीही प्रत्येक ओळीला कॉर्ड हवीच, असा आग्रह नसावा. मींड घेताना किंवा आलाप चालू असताना २-४-०-० एवढेच हलक्या हाताने छेडत राहावे. त्यात सा आणि प हे दोनच स्वर आहेत, गंधार नाही, त्यामुळे ती साथ तंबोऱ्यासारखी गाणाऱ्याच्या मागे राहते. प्रथम चाल आजीकडून नीट ऐकावी, स्वर ओळखावेत आणि मगच कॉर्ड शोधाव्यात. या क्रमाने चालल्यास आजीला आपला निषाद सोडावा लागत नाही आणि नातीलाही वाद्य बाजूला ठेवावे लागत नाही.