बाप हयात आहे. पण घरात नाही

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तिच्या आधारावर आपल्या पिढ्या शिकल्या. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत मात्र असा एक वर्ग आहे की, जो गरीब असूनही या शिष्यवृत्तीला मुकतो. नवऱ्यापासून विभक्त झालेल्या स्त्रियांची ही मुले होत.

पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली २.५ लाख रुपये झाली व २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तीच कायम राहिली. महाडीबीटीवरील अर्ज विचारतो : वडील हयात आहेत काय? ते घरी राहतात काय, पोटगी देतात काय, हे तो विचारीत नाही. आई डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करते. बाप अंबरनाथच्या कारखान्यात पगारी नोकर, दुसरा संसार थाटून बसलेला. तो हयात, म्हणून त्याच्या उत्पन्नाचा दाखला हवा! दाखला मागावयास गेलेल्या मुलाला तो दारात उभे करीत नाही. आणि दाखला दिलाच, तर त्याचा पगार मुलाच्या आड येतो. मर्यादेवरील पालकांच्या मुलांची फी राज्य सरकार भरते हे खरे. पण निर्वाह भत्ता बुडतो, आणि रेल्वेचा पास व पुस्तके फीमाफीतून येत नाहीत. ज्याच्या चुलीवर मूल जेवते त्याचेच उत्पन्न धरावे, असा स्पष्ट आदेश सरकारने तहसील कचेऱ्यांना व महाविद्यालयांना दिला पाहिजे.

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. न्यायालयाचा हुकूमनामा हाती असेल, तर आईला केवळ स्वतःच्या उत्पन्नाचा दाखला मागण्यास भक्कम आधार मिळतो. आपल्या पुष्कळ भगिनींजवळ असते काय? चार पंचांच्या सह्यांची मुद्रांकावरील सोडचिठ्ठी! बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. (त्याचे नाव मलाही खुपते.) त्याचे कलम २९ रूढीने झालेली फारकत मानते, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. आणि ही रूढी कोणती? जातपंचायतीची काडीमोड! १९५६ साली नागपुरास जी जात आपण टाकली, तिची पंचायत फारकतीपुरती पुन्हा बसवावयाची काय? ज्या महामानवाने १९५१ साली मंत्रिपद सोडताना हिंदू कोड बिलाची झालेली उपेक्षा हे एक प्रमुख कारण सांगितले, त्याच्या अनुयायांना हे लाजिरवाणे आहे.

खर्चाची सबब चालणार नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना व अनुसूचित जातींच्या व्यक्तींना विनामूल्य वकील मिळतो. ठाण्यास जिल्हा प्राधिकरण व कल्याणास तालुका समिती आहे. उभयतांची संमती असल्यास कलम १३-ब खाली अर्ज करावा. नवऱ्याने दोन वर्षे टाकले असल्यास कलम १३ आहेच. संमतीच्या अर्जात मुलाचा ताबा व शिक्षणाचा खर्च यांबरोबर, उत्पन्नाचे दाखले दरवर्षी देण्याची बापाची जबाबदारीही लिहून घ्यावी. ही शेवटची अट आम्ही वकील मंडळी बहुधा विसरतो.

विहारांतील कार्यकर्त्यांनी सोडचिठ्ठ्या लिहून देणे आजपासून बंद करावे आणि त्या बाईबरोबर न्यायालयाची पायरी चढावी. हुकूमनाम्यास महिने लागतात. अकरावीचा अर्ज मात्र दहावीच्या निकालामागोमाग येतो. ज्या घरचे मूल यंदा नववीत आहे, त्या आईने आताच अर्ज दाखल करावा.